अकलूजपेक्षा जवळ

मी सोलापूर सोडलं त्या संध्याकाळी स्टेशनावर अख्खी गल्ली लोटली होती. अख्खी म्हणजे अंथरुणाला खिळलेलेसुद्धा अंथरुणासकट आले होते, असं मी इथे लोकांना सांगतो, आणि इथे खरं-खोटं करायला कुणी नसल्यामुळे ते आता खरंच झालं आहे. गर्दी बघून स्टेशनमास्तर काळा कोट चढवत धावत बाहेर आले, त्यांना वाटलं कुणी मंत्री उतरतोय. बघतात तर गिरणीतला एक काटकुळा फिटर, गळ्यात झेंडूचे हार, आणि हारांतून बाहेर आलेलं तेवढं नाक. तो फिटर मी. नैरोबीला निघालो होतो.

रडारड अशी झाली नाही. रडायचं कशाला, हाच गल्लीपुढे प्रश्न होता, कारण सगळ्यांची खात्री पटली होती की नैरोबी अकलूजपेक्षा जवळ आहे. ही खात्री मीच पटवली होती. कोपऱ्यावरच्या शिंप्यापासून पाणक्यापर्यंत सगळे मला अकलूजला जाणाऱ्या माणसाला सांगावं तसं, "संभाळून जा, वाटेत चहा पी," असं सांगत होते.

गाडी हलायच्या बेतात आली तेव्हा आईने खिडकीतून एक पत्र्याचा डबा आत दिला. मांजरपाटाच्या कापडात गच्च शिवलेला, टाके असे की गिरणीच्या पट्ट्याला शोभावेत.

"वाटंत उघडू नगंस, नामा," ती म्हणाली. "तितं पोचल्यावर उघड. मऊ निगाली तर तुजं खरं."

गाडी सुटली. आई गाडीबरोबर चालली नाही, की पळाली नाही. ती एका जागी उभी राहून माझ्याकडे नाही, डब्याकडे बघत होती. मी डबा मांडीवर घट्ट धरला. कारण तो डबा म्हणजे शिदोरी नव्हती, परीक्षा होती. ती कसली, हे समजायला आमच्या आईचा भूगोल आधी समजून घ्यावा लागेल. गल्लीत मागे राहिलेल्यांना तो पाठ आहे. पण माझ्यासारखे जे उडून कुठे कुठे पडले आहेत, त्यांनी नीट ऐकावा, त्यांच्याही उपयोगाचा आहे.

आई शाळेची पायरी चढली नव्हती, पण तिचा भूगोल आमच्या मास्तरांपेक्षा पक्का होता. मैल नाहीत, कोस नाहीत, तास नाहीत. भाकरी. सकाळी तव्यावरून उतरलेली भाकरी फडक्यात बांधून निघावं, आणि ज्या गावाला पोचेपर्यंत ती मऊ राहते, ते गाव जवळ. पोचेपर्यंत जिचे काठ कडक होतात, ते गाव लांब. आणि मोडताना जी वाजते, तो परमुलूख. तिथे पोरगी द्यायची नाही, पोरगा धाडायचा नाही. कायदा संपला. हा कायदा तिला तिच्या आईने दिला होता, त्या आईला तिच्या आईने. बहुधा पांडवांच्या वनवासाच्या वेळी कुणीतरी तो केला असावा.

माझी थोरली बहीण शालनआक्का हिच्यासाठी स्थळं येऊ लागली तेव्हा आईने नगरचा तहसील कचेरीतला कारकून नाकारला, मुंबईचा पोस्टातला नाकारला. अकलूजचं स्थळ आलं. मुलगा साखर कारखान्यात ऊस वजनाच्या काट्यावर. आम्ही एसटीने बघायला गेलो. मोहोळ झालं, टेंभुर्णी झाली, पुढे उसाच्या बैलगाड्यांच्या रांगेत एसटी अशी अडकली की तेवढ्यात कंडक्टरची दाढी वाढली. पोचलो. मुलगा समोर येऊन बसला, नमस्कार केला, चहा दिला. आईने मुलाकडे बघितलंच नाही. तिने पिशवीतून फडकं काढलं, भाकरी काढली आणि सगळ्यांसमोर ती मोडली. वाजली नाही. आईने मान हलवली, आणि आबांनी, म्हणजे वडिलांनी, सुपारी फोडली. दाजी अजून सांगतात की माझं लग्न भाकरीशी ठरलं, बायको नंतर पदरात पडली.

तर असा कायदा. आणि अशा घरात मी एक दिवस येऊन सांगितलं की मला आफ्रिकेत नोकरी लागली आहे.

गिरण्यांचे दिवस तेव्हा उतरायला लागले होते. आबा विणाई खात्यात जन्मभर घासलेले, मी माग दुरुस्त करणारा फिटर. एक पाळी बंद, मग दुसरी अर्धी, असं चाललं होतं. आमच्याच खात्यातला एक जुना मास्तर नैरोबीजवळच्या एका गावात कापडगिरणीत लागला होता, त्याने मला बोलावलं. पगार असा की आकडा ऐकून आबांनी तो पुन्हा सांगायला लावला, आणि दुसऱ्यांदा ऐकूनही खरा मानला नाही.

आई तव्यापाशी बसली होती. तिने एकच विचारलं. "भाकरी मऊ ऱ्हाती का तितं जाईस्तवर?"

आबांनी माझ्याकडे बघितलं. इथे हरलो तर सगळं हरलो, हे आम्हा दोघांनाही कळत होतं. आबा आईच्या शब्दाबाहेर कधी गेले नव्हते आणि मीही जाणार नव्हतो. आई "न्हाय" म्हणाली असती तर मी आज तुम्हाला अर्ध्या पाळीची कहाणी सांगत बसलो असतो.

मग मी आबांचं गजराचं घड्याळ फळीवरून खाली घेतलं आणि तिच्यापुढे ठेवलं. आयुष्यात मी पुष्कळ थापा मारल्या, पण त्या दिवशी मी जे बोललो त्यातला शब्द न् शब्द खरा होता, हीच त्यातली गंमत. म्हटलं, आई, विमान मुंबईहून सकाळी सातला उडतं. आणि तिकडे उतरतं तेव्हा तिकडच्या घड्याळात किती वाजलेले असतात? साडेदहा. आता आपली अकलूजची एसटी. ती पण सातला सुटते. साडेदहाला कुठं असते? टेंभुर्णीच्या अलीकडं, उसाच्या गाड्यांमागं. मग जवळ काय झालं?

"सातला उडून साडेधाला?" आबा म्हणाले.

म्हटलं, तिकडच्या घड्याळात. आपला गिरणीचा भोंगा सातला झाला की तिकडचा भोंगा अजून घोरत असतो. अडीच तास मागं आहेत ते लोक.

"उशिरा उटत्यात," आई म्हणाली.

म्हटलं, हो, तसंच समज. विमान सूर्याच्या मागं मागं पळतं, म्हणून जाताना वेळ खर्चच होत नाही. अंगाला सहा तास लागतात हे मी बोललो नाही. कुणी विचारलं नव्हतं. मुंबईपर्यंतच्या आगगाडीचा विषय काढला नाही, तोही कुणी काढला नव्हता. आईने तव्यावरची भाकरी उलटवली आणि म्हणाली, "मंग जा की."

एवढ्यावर सुटलो. मला वाटलं, काय डोकं आहे आपलं! अख्ख्या पृथ्वीला वळसा घालून आईला गुंडाळलं.

बातमी दुपारपर्यंत गल्लीत, संध्याकाळपर्यंत पेठेत आणि चार दिवसांत अकलूजला पोचली. शालनआक्का पहिल्या एसटीने दाजींना घेऊन आली. दारातूनच सुरू. "म्हंजी मी आफ्रिकेच्या पल्याड पडले व्हय गं आई? ह्यो परदेशात जाणार, आन् लांब मी?" दाजी मात्र विचारात पडले होते. ते म्हणाले, "तसं आसंल तर आमच्या शेतकऱ्यांचा ऊस तिकडंच घालू की. हितं नंबर लागाया म्हैना जातोय."

त्यानंतर मुंबईला जाऊन पिवळ्या तापाची सुई टोचून घ्यावी लागली. त्याशिवाय आफ्रिकेत पाऊल ठेवू देत नाहीत. परत आलो तो दंड नारळाएवढा झालेला. गल्लीत मी कलिंगडाएवढा सांगितला. आईने मिठाची पुरचुंडी तव्यावर गरम करून शेक दिला. शेकता शेकता म्हणाली, "सुई कशापायी?"

म्हटलं, तिकडचे डास जरा वेगळे असतात.

"हं," आई म्हणाली.

तिचं ते "हं" मी हिशेबात धरलं नाही. शेजारी गंगव्वा राहायची, अक्कलकोटकडची, घरात कानडी बोलणारी, आईची जिवाची मैत्रीण. मी निघायच्या आधीच्या आठवड्यात आई रोज दुपारी तिच्याकडे जाऊन बसायची, दार लोटून. आतून थापटल्याचा आवाज यायचा आणि गंगव्वाचं "हंगल्ला, हंगल्ला", म्हणजे तसं नव्हे गं, तसं नव्हे. मला वाटलं, पोरगा चाललाय, आई मन मोकळं करत असेल आणि गंगव्वा पाठ थोपटत असेल. तेही मी हिशेबात धरलं नाही. हिशेबात धरण्यासारखं जे जे होतं ते सोडून बाकी सगळं मी धरलं होतं.

तर तो डबा छातीशी धरून मी मुंबईत उतरलो, आणि विमानाचं काहीतरी दुखत होतं. आज नाही, उद्या. उद्या आलं, तर परवा. आमच्या गल्लीतला एक जण परळला राहायचा, त्याच्या खोलीत डबा उशाशी घेऊन मी पडून राहिलो. बाहेर अख्खी मुंबई पसरली होती, पण माझ्या डोळ्यांपुढे डब्यातली भाकरी. आता काठ कडक झाले असतील. आता मधोमध पोचलं असेल. दोनदा कात्री हातात घेतली. पण "पोचल्यावर उघड" म्हटलं होतं. चोरून उघडून बघितलं असतं, तर पोचल्यावर आईला काय कळवणार होतो?

अखेर उडालो. विमानाविषयी फार सांगत नाही, कारण त्यात मी पुष्कळ सांगतो अशी माझी ख्याती आहे. इतकंच सांगतो की मी एसटीच्या सवयीने ड्रायव्हरच्या मागची जागा मागितली आणि हवाई बाईंनी ती दिली नाही. डबा वरच्या फळीवर ठेवा म्हणाल्या, तो मी दिला नाही. फिट्टंफाट. डब्याच्या टाक्यांतून शेंगाचटणीचा वास सुटला होता. पुढच्या खुर्चीतला गोरा साहेब अरबी समुद्र संपेपर्यंत शिंकत होता. आणि खिडकीतून बघावं तर सूर्य जागचा हलत नव्हता. मी आईला सांगितलं होतं अगदी तस्सं. सूर्यसुद्धा माझ्या बाजूने साक्षीला उभा होता, फक्त भाकरीचा भरवसा नव्हता.

नैरोबीच्या विमानतळावर सामान तपासणारा अधिकारी शिंदीच्या झाडाएवढा उंच होता. त्याने माझी पेटी बाजूला सारली आणि डब्यावर बोट ठेवलं. कात्रीने आईचे टाके कापले. एकेक टाका तुटताना मला दातात कळ आल्यासारखं होत होतं. झाकण उघडलं. वरती फडक्यात तीन भाकऱ्या. मी हात घातला आणि एक उचलून मोडली.

कडाक्.

अशी वाजली की शेजारच्या रांगेतल्या बाईने वळून बघितलं. तिथल्या तिथे निकाल लागला. आमच्या आईच्या भूगोलाप्रमाणे मी परमुलखात उभा होतो, आणि तिला जे सांगून आलो होतो ते हवेत गेलं होतं. डोळे भरून आले. आणि विमानतळावर सामान उघडल्यावर ज्याचे डोळे भरून येतात, त्याच्या डब्यात काहीतरी असणार, असं त्या अधिकाऱ्याला वाटलं तर त्याचं काय चुकलं? त्याने तीन भाकऱ्या बाजूला ठेवल्या, खालचा कागद उचलला.

खाली काठोकाठ कडक भाकऱ्या रचलेल्या होत्या. गंगव्वाच्या माहेरी करतात तशा. पापडासारख्या पातळ, गोल गरगरीत, तव्यावर दाबून दाबून भाजलेल्या, सहा महिने ठेवल्या तरी ज्यांना काही होत नाही. आमच्या घरी ह्या कधी होत नसत. आईला येतच नव्हत्या. त्या थापटण्याचा आवाज आता मला नैरोबीत ऐकू आला.

अधिकाऱ्याने एक भाकरी दोन बोटांत धरून उजेडासमोर फिरवली. "गाण्याच्या रेकॉर्डी किती आणल्यास?" त्याने इंग्रजीत विचारलं. मी माझ्या गिरणीतल्या इंग्रजीत सांगितलं, साहेब, हे गाणं दातांनी वाजतं. एक मोडली, चटणी लावली, त्याच्या हातावर ठेवली. त्याने खाल्ली. मग त्याचेही डोळे भरून आले. आमची चटणी मिरचीच्या बाबतीत हात आखडता घेत नाही. त्याने हाक मारून आणखी दोघांना बोलावलं. तिघांनी खाल्ली, तिघांनी डोळे पुसले, आणि माझी पेटी न उघडताच मला आफ्रिका खुली झाली. त्या देशात मी शिक्क्यावर नाही, शेंगाचटणीवर शिरलो.

बाहेर येऊन मी पेटीवर बसलो आणि हिशेब नव्याने मांडला. वरच्या तीन, निघताना मऊ असलेल्या, भाकऱ्या माझ्या शब्दासाठी होत्या. पोराने सांगितलंय जवळ आहे, तर पोराचा मान राखला पाहिजे. खालचा सगळा ढीग तिच्या स्वतःच्या अकलेचा होता. तिला पहिल्यापासून माहीत होतं. आणि तरी ती "मंग जा की" म्हणाली होती.

इथे मला सगळे "फुंडी" म्हणतात. फुंडी म्हणजे कारागीर; गवंडी पण फुंडी, शिंपी पण फुंडी, आणि माग दुरुस्त करणारा मी पण फुंडी. सोलापुरात जन्मभर फिटर म्हणून हाक ऐकली, त्यात कधी एवढं साखर-दूध नव्हतं. ज्या मातीत मी मे महिन्यात अंगणात पाणी शिंपडून झोपायचो, तिथून उठून मे महिन्यात स्वेटर घालू लागलो. आबांना कळवलं, तेव्हा त्यांना वाटलं माझी तब्येत बिघडली आहे.

माझ्या हाताखाली कमाऊ नावाचा माणूस होता. हाताखाली कसला, मला भाषा त्याने शिकवली, बाजार त्याने दाखवला, "पोले पोले", म्हणजे हळू हळू, हा मंत्र त्याने दिला, म्हणून तोच माझा गुरू. पहिल्या आठवड्यात जेवणाच्या सुट्टीत मी कडक भाकरी मोडली, तर तो हसत म्हणाला, "फुंडी, तू मबाती खातोस?" मबाती म्हणजे छपराचा पत्रा. मी म्हटलं, आईने केलाय. तो लगेच हसायचा थांबला. त्याचं गाव डोंगराच्या अंगावर, त्याची आई तिथून मका आणि घेवड्याची गिथेरी धाडायची, ती शहरात येईपर्यंत आंबायची, म्हणून आई ती आधी परतून कोरडी करायची. "आयांना अंतर बरोबर कळतं," तो म्हणाला. मी त्याला अर्धा पत्रा दिला. पुढच्या रविवारी त्याने मला घरी नेलं, आणि मक्याच्या पिठाच्या उगालीचा गोळा तव्याएवढा माझ्यापुढे ठेवला. आपल्या उकडीचा चुलतभाऊच तो. परक्या मुलखात पहिल्या आठवड्यात ज्याला जेवायला बोलावणारं घर मिळतं, त्याने देवाकडे आणखी काही मागू नये. मी तरी मागितलं नाही.

तो ढीग मी पुरवून पुरवून खाल्ला. रविवारी एक. चाळीतले गुजराती शेजारी म्हणायचे, फुंडीकडे कडाक् झालं, म्हणजे आज रविवार. त्यांची घड्याळं त्यावर लागायची, ही थाप जरा जास्त झाली, पण चालवून घ्या.

करार संपून पहिल्यांदा घरी गेलो. हार झाले, प्रश्न झाले, चमत्कारांची मागणी झाली आणि मी ती सढळ हाताने पुरवली. सिंह माझ्याकडून पाणी पिऊन गेला वगैरे. सगळे गेल्यावर आई तव्यापाशी बसली आणि मी समोर.

"आई, तुला ठाऊक होतं?"

"काय?"

"अकलूजपेक्षा लांब आहे ते."

तिने वर न बघता भाकरी थापली. "अकलूजला जायाला सुई टोचत्यात व्हय रं? शालनच्या लग्नाला आख्खी गल्ली यष्टीनं गेली. कुनाला टोचली?"

मी विचारलं, "तरी सोडलंस?"

"तू येवडं रंगवून सांगितलंस. म्हनलं, येवडं रंगीवतोय म्हंजी पोराला जायाचंच हाय. अडीवला असता तर हितंच तव्यावर वाळला असतास." भाकरी टम्म फुगली, तिने ती माझ्या ताटात टाकली. "खा. मऊ हाय."

जेवताना मी तिला म्हणालो की येताना मात्र उलटं होतं. तिकडून सातला निघालो, अंगाला तेच सहा तास, पण मुंबईत उतरलो तर घड्याळात साडेतीन. जाताना जे अडीच तास मिळाले ते येताना कापून घेतात. आईला त्यात काही नवल वाटलं नाही. "जायाला जवळ, यायाला लांब," ती म्हणाली. "समद्याच गावांचं तसं असतंय. तुजा आबा भोंग्याला पळत जातुया आन् येताना पाय वडत येतुया."

विमान कंपन्यांनी हे आपल्या वेळापत्रकावर छापायला हरकत नाही.

त्याच खेपेला माझं लग्न झालं. सुमन बार्शीकडची, तिला नैरोबी अकलूजपेक्षा जवळ आहे असं सांगितलं तर म्हणाली, मी भूगोलात पहिली यायचे, मला सांगू नका. इथल्या बाजारात "मतामा" नावाची लालसर ज्वारी मिळते. सुमनने पहिल्यांदा तिची भाकरी थापली तेव्हा तिचे नकाशे झाले, सगळे देश वेगवेगळे. हळूहळू गोल झाल्या. आता कमाऊची मुलं शाळेतून सरळ आमच्याकडे येतात आणि भाकरीवर लोणी मागतात. वर "मबाती नको" असंही सांगतात.

परवाच्या खेपेला मी एकटाच सोलापूरला गेलो. निघताना सुमनने मतामाच्या तीन भाकऱ्या फडक्यात बांधून दिल्या. म्हणाली, वाटेत खाऊ नका, आईंना द्या. मी म्हटलं, वाजतील. ती म्हणाली, वाजू देत.

आईला आता कमी दिसतं. तिने फडकं सोडलं, एक भाकरी हातात घेतली, काठावरून अंगठा फिरवला. "परवा सकाळची हाय," म्हणाली. बरोबर होती. मोडली, वाजली, तोंडात टाकली, आणि बराच वेळ चघळत राहिली. मी गिरणीत पहिल्या दिवशी जसा मास्तरापुढे उभा होतो, तसा उभा. "जवारी बरी हाय तितली," एवढंच बोलली. दुसरी भाकरी भिंतीपलीकडे गंगव्वाला दिली. तिसरी परत बांधली आणि म्हणाली, उद्या अकलूजला जाऊ.

तिसरी भाकरी घेऊन आम्ही एसटीत बसलो. मोहोळ झालं, टेंभुर्णी झाली, पुढे उसाच्या गाड्या. सगळं जागच्या जागी होतं. आईने फडकं मांडीवर धरलं होतं, मी डबा धरला होता तसंच. मी मनात हिशेब केला: इतक्या वेळात मी अर्धा समुद्र ओलांडला असता. मग हिशेब सोडून दिला आणि तिच्याकडे बघत बसलो. ती सगळा रस्ता खिडकीतून बाहेर तोंड करून होती, दिसत फारसं नसताना.

शालनआक्का दारातच उभी होती. दाजी काट्यावरून धावत आले. पाणी, गूळ, चहा. आईने फडकं सोडलं आणि शालनआक्काच्या हातात भाकरी दिली. आक्काने ती मोडली. पडवीभर आवाज झाला. ज्या घरात आईने एकदा न वाजलेली भाकरी बघून पोरगी दिली होती, त्याच घरात.

आक्काने आईकडे बघितलं. तिलाही कायदा पाठ. "लई लांबची हाय गं," ती म्हणाली.

"लांबची हाय," आई म्हणाली. "पन घरची हाय. खा."

आम्ही चौघांनी ती वाटून खाल्ली. दाजींच्या वाट्याला काठ आला, तो त्यांनी चहात बुडवला.